झां-मार्तिन शार्को

झां-मार्तिन शार्को (२९ नोव्हेंबर १८२५, पॅरिस – १६ ऑगस्ट १८९३, मोर्व्हाँ, फ्रान्स) हे फ्रेंच वैद्य, विकृतिशास्त्राचे प्राध्यापक आणि आधुनिक मज्जाविकारशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक होते. पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयात त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले. मल्टिपल स्क्लेरोसिस, ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस यांसारख्या विकारांना वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. हिस्टेरिया आणि संमोहन यांवरील त्यांच्या संशोधनाने त्यांना हयातीत सर्वाधिक कीर्ती मिळाली. मात्र त्यांच्या कार्याचा हाच भाग पुढे टिकला नाही.

प्रारंभिक जीवन

शार्को यांचा जन्म पॅरिसमधील घोडागाड्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी झाला. चार भावांमध्ये ते थोरले होते. चौघांनाही उच्च शिक्षण देण्याची वडिलांची ऐपत नव्हती. अभ्यासात जो सर्वांत पुढे राहील त्यालाच शिकवायचे असे त्यांनी ठरवले आणि ती संधी झां-मार्तिन यांना मिळाली, अशी आख्यायिका त्यांच्या चरित्रांतून आढळते. ते अबोल आणि एकलकोंडे होते. चित्रकलेची त्यांना उपजत आवड होती व त्यांचा हातही उत्तम होता. चित्रकार व्हावे की वैद्य, हा प्रश्न त्यांच्यापुढे काही काळ होता असे म्हणतात. ही आवड त्यांनी कधीच सोडली नाही. रुग्णाचा वाकलेला पाठकणा, वळलेली बोटे, चालण्याची ढब हे सर्व ते टिपणांच्या कडेला रेखाटून ठेवत.

१८४८ मध्ये ते पॅरिसच्या रुग्णालयांत निवासी वैद्य झाले आणि या प्रशिक्षणाच्या काळात १८५२ मध्ये प्रथम साल्पेत्रिएरमध्ये आले. तेथील संधिवाताने जर्जर झालेल्या वृद्ध स्त्रियांचे निरीक्षण करून त्यांनी १८५३ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. वातरक्त म्हणजे गाऊट आणि सांधे विरूप करणारा जुनाट संधिवात हे दोन वेगळे विकार आहेत, हे त्यांनी त्यात रुग्णांच्या आधारे दाखवले. एकसारख्या दिसणाऱ्या रुग्णांच्या गर्दीतून दोन आजार वेगळे काढण्याची त्यांची रीत या पहिल्याच कामात दिसते. १८५८ मध्ये त्यांनी थोडे चालताच पाय दुखून थांबावे लागणे आणि विश्रांतीनंतर पुन्हा चालता येणे या लक्षणाचे माणसातील वर्णन प्रसिद्ध केले. पायाची रोहिणी अरुंद झाल्याने होणारा हा विकार तोवर मुख्यतः घोड्यांच्या बाबतीत ठाऊक होता.

साल्पेत्रिएर

साल्पेत्रिएर हे नाव सोऱ्यावरून पडले. बंदुकीच्या दारूच्या जुन्या कारखान्याच्या जागी चौदाव्या लुईच्या १६५६ च्या फर्मानाने निराधारांसाठी ही संस्था स्थापन झाली. पुढे ती केवळ स्त्रियांसाठी राखली गेली. भिकारी, वेश्या, वृद्ध, अपंग, अपस्मारी आणि वेड्या ठरवलेल्या स्त्रिया तेथे आणून ठेवल्या जात. शार्को १८६२ मध्ये तेथे विभागप्रमुख म्हणून परतले तेव्हा चाळीसहून अधिक इमारतींच्या त्या आवारात सुमारे पाच हजार माणसे राहत होती. महत्त्वाकांक्षी वैद्यांच्या दृष्टीने ही नेमणूक आडबाजूची मानली जाई; बहुतेक जण काही काळ काढून अन्य रुग्णालयात बदली करून घेत. शार्को मात्र शेवटपर्यंत तेथेच राहिले.

त्यामागे नेमका हिशेब होता. सामान्य रुग्णालयात रुग्ण येतो, बरा होतो किंवा घरी जातो, आणि वैद्याला त्याच्या आजाराचा एक तुकडाच दिसतो. साल्पेत्रिएरमधील स्त्रिया मात्र दहा-दहा, वीस-वीस वर्षे तेथेच राहत आणि तेथेच मरत. अन्यत्र आयुष्यात एखाद्या वेळी दृष्टीस पडेल असा विकार येथे एकाच दालनात तीन-चार रुग्णांमध्ये, वेगवेगळ्या अवस्थांत पाहता येई. सहकारी आल्फ्रेद व्हुल्पियाँ यांच्यासह शार्कोंनी दालनांमागून दालने तपासली आणि प्रत्येक रुग्णाची नोंद तयार केली. रुग्णाच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन होई. मेंदू व मेरुरज्जूचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जात आणि तेथे आढळलेली विकृती जुन्या नोंदींशी ताडून पाहिली जाई. जिवंतपणीचे लक्षण आणि मृत्यूनंतरची विकृती यांची सांगड घालणारी ही पद्धत शार्कोंनी शोधलेली नव्हती. फुफ्फुस व हृदयाच्या रोगांत फ्रेंच वैद्यांनी ती आधीच वापरली होती. मज्जासंस्थेच्या बाबतीत तिचा इतका सातत्याने उपयोग मात्र त्यांच्याआधी कोणी केला नव्हता.

या स्त्रियांपैकी फार थोड्यांना संशोधनाचा स्वतःसाठी काही लाभ झाला. बहुतेकींच्या विकारांवर त्या काळी उपाय नव्हता, आणि नकार देण्याची मोकळीक त्यांना कितपत होती हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

दुर्मीळ विकारांचे संशोधन

कंप असलेले सर्व रुग्ण तोवर ढोबळमानाने एकाच गटात टाकले जात. शार्को आणि व्हुल्पियाँ यांनी १८६० च्या दशकाच्या आरंभी त्यांतील भेद मांडायला सुरुवात केली. काही रुग्णांचा हात विश्रांतीत थरथरतो आणि काम करू लागताच कंप कमी होतो. इतरांचा हात मांडीवर स्थिर असतो, पण पाण्याचा पेला तोंडाकडे नेताना कंप वाढत जातो. पहिला प्रकार म्हणजे जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ मध्ये वर्णन केलेला कंपवात. त्याचे प्रचलित नाव कंपयुक्त पक्षाघात असे होते. या विकारात खरा पक्षाघात नसतो आणि प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असेही नाही, असे दाखवून शार्कोंनी त्याला पार्किन्सनचे नाव देण्याची सूचना केली. तेच आज रूढ आहे. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांच्या मेंदूत व मेरुरज्जूत ठिकठिकाणी कठीण, करडे चट्टे आढळत. अशा चट्ट्यांची चित्रे यापूर्वी प्रसिद्ध झाली होती, परंतु त्यांची लक्षणांशी सांगड घालून एका स्वतंत्र विकाराचे सुसंगत वर्णन करण्याचे काम शार्कोंच्या १८६८ च्या व्याख्यानांनी केले. हा विकार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. बुबुळांचे थरथरणे, हालचालीसोबत वाढणारा कंप आणि अक्षरे तोडून बोलणे या तीन लक्षणांच्या समूहाला आजही शार्को त्रयी म्हणतात.

या संशोधनाशी निगडित एक हकीगत सिग्मंड फ्रॉइड यांनी शार्कोंवरील मृत्युलेखात नोंदवली आहे. विचित्र कंपामुळे कोठेच काम न मिळणाऱ्या एका मोलकरणीला शार्कोंनी आपल्या घरी कामावर ठेवले. तिने फोडलेल्या बशा-भांड्यांचा खर्च वर्षानुवर्षे सोसला, आणि ती वारल्यावर तिच्या शवविच्छेदनातून आपले निदान पडताळून पाहिले. या एकाच हकीगतीत त्यांची कणव दिसते आणि अलिप्तपणाही; दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिसच्या शोधाचा आरंभ एका चुकलेल्या निदानातून झाला, आणि पुढील घडामोडी समजण्यासाठी हा प्रसंग महत्त्वाचा आहे. हिस्टेरियाची रुग्ण मानल्या गेलेल्या एका स्त्रीचे चारही अवयव कायमचे आखडले होते. तिच्या मृत्यूनंतर शार्कोंना मेरुरज्जूच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्व स्तंभांत स्पष्ट विकृती आढळली. १८६५ मध्ये त्यांनी हे प्रकरण वैद्यक मंडळापुढे मांडले. १८६९ मध्ये अलेक्सी जोफ्रुआ यांच्यासह त्यांनी स्नायू झिजत जाणाऱ्या रुग्णांच्या मेरुरज्जूतील करड्या द्रव्याच्या पुढील शृंगात चेतापेशी नष्ट झाल्याचे दाखवले. दोन्ही विकृती एकत्र असलेल्या रुग्णांत अवयव ताठरतात आणि स्नायूही झिजतात. या विकाराचे संपूर्ण चित्र आणि त्याचे नाव १८७४ पर्यंत निश्चित झाले. फ्रान्समध्ये तो आजही शार्कोचा रोग म्हणूनच ओळखला जातो. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना झालेला आजार तो हाच.

त्यांच्या नावाशी जोडलेले इतरही विकार आहेत. मज्जासंस्थेच्या आजारामुळे वेदनेची जाणीव हरपलेल्या सांध्याची झीज होऊन तो मोडकळीस येतो, त्याला शार्को सांधा म्हणतात. पाय व पोटऱ्यांचे स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक विकार त्यांनी आणि प्येर मारी यांनी १८८६ मध्ये वर्णन केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड टूथ यांनी त्याचे स्वतंत्र वर्णन केल्याने तिघांची नावे त्याला मिळाली. अनैच्छिक झटके व उद्गार हे लक्षण असलेल्या विकाराला त्यांनी आपले शिष्य झील द ला तुरेत यांचे नाव दिले.

त्यांचे सर्वच निष्कर्ष बरोबर ठरले असे नाही. मज्जासंस्थेचे बहुतेक विकार एका दूषित घराण्याच्या वारशातून येतात अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे टेबीस या मेरुरज्जूच्या विकाराचे मूळ उपदंशात आहे हे सहकारी आल्फ्रेद फूर्निए यांचे म्हणणे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. त्यात फूर्निए बरोबर ठरले.

अध्यापन

१८७२ मध्ये शार्को पॅरिस विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या रोगांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्यात आले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले अध्यासन मानले जाते. याच सुमारास साल्पेत्रिएरमध्ये बाह्यरुग्ण विभाग सुरू होऊन पुरुष रुग्णही येऊ लागले. विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा, छायाचित्रण कक्ष, मेणाच्या प्रतिकृतींचे संग्रहालय, नेत्रतपासणी विभाग अशा सोयी एकामागून एक उभ्या राहिल्या आणि निराधारांचा आश्रम अध्यापन रुग्णालय बनला.

शुक्रवारची त्यांची व्याख्याने काळजीपूर्वक लिहून तयार केलेली असत. मंगळवारी मात्र बाह्यरुग्ण विभागातून आलेल्या, पूर्वी न पाहिलेल्या रुग्णांना ते श्रोत्यांसमोरच तपासत. निदान चुकण्याचा धोका पत्करून विचार कसा करावा हे विद्यार्थ्यांना दाखवत. या मंगळवारच्या पाठांची टिपणे विद्यार्थ्यांनी घेतली व ती दोन खंडांत प्रसिद्ध झाली. शार्को वक्ते म्हणून प्रभावी नव्हते. त्यांचा आवाज सौम्य होता आणि हावभाव मोजके असत. परंतु दाखवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. वेगवेगळ्या प्रकारचा कंप असलेल्या स्त्रियांना ते लांब पिसे लावलेल्या टोप्या घालून शेजारी शेजारी बसवत. पिसांच्या थरथरण्यातील फरक सभागृहाच्या शेवटच्या रांगेतही दिसे. फलकावर रंगीत खडूंनी आकृत्या काढणे आणि पडद्यावर छायाचित्रे दाखवणे या गोष्टी तेव्हाच्या वैद्यकीय वर्गात नव्या होत्या.

जोसेफ बाबिन्स्की, प्येर मारी, झील द ला तुरेत, प्येर झाने हे त्यांच्या हाताखाली तयार झाले. ऑक्टोबर १८८५ ते फेब्रुवारी १८८६ या काळात व्हिएन्नाहून शिकायला आलेले फ्रॉइड तेथे होते. ते आले मेंदूच्या विकृतीचा अभ्यास करायला आणि परतले हिस्टेरियाचा विचार करत. त्यांनी शार्कोंची व्याख्याने जर्मनमध्ये अनुवादित केली आणि आपल्या थोरल्या मुलाचे नावही झां-मार्तिन ठेवले.

हिस्टेरिया आणि संमोहन

१८७० च्या सुमारास रुग्णालयातील एक जुनी इमारत मोडकळीस आल्याने तेथील रुग्णांची फेरवाटणी झाली आणि वेडसर न ठरवलेल्या अपस्मारी व हिस्टेरिक स्त्रियांचा विभाग शार्कोंकडे आला. हिस्टेरिया हा तोवर गर्भाशयाचा आजार किंवा सरळसरळ सोंग समजला जाई. शार्कोंनी तो मज्जासंस्थेचा खराखुरा विकार मानला. त्याच्या मोठ्या झटक्याचे त्यांनी चार टप्पे पाडले: अपस्मारासारखे आचके, शरीर धनुष्यासारखे वाकणे आणि कसरतीसारख्या हालचाली, भावनावेगाचे अभिनय आणि शेवटी भ्रम. पॉल रिशे यांनी या टप्प्यांची चित्रे काढली, तर शिष्य देझिरे-मग्ल्वार बूर्नव्हील यांनी रुग्णांच्या छायाचित्रांचे संग्रह प्रसिद्ध केले. १८७८ पासून शार्को संमोहनाचे प्रयोग करू लागले. १८८२ मध्ये त्यांनी संमोहनाच्या तीन अवस्था विज्ञान अकादमीपुढे मांडल्या आणि ज्या विषयाला वैद्यक भोंदूगिरी समजत होते त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली.

या संशोधनाची एक बाजू निःसंशय मोलाची होती. हिस्टेरिया पुरुषांनाही होतो, तोही धडधाकट कामगारांना आणि रेल्वे अपघातातून वाचलेल्यांना, हे त्यांनी रुग्णांसह दाखवले. अपघातात हात निकामी झालेल्या कामगाराची दुखापत वरवर बरी झाली तरी हात हलत नाही. तसाच पक्षाघात संमोहित व्यक्तीत केवळ सूचनेने निर्माण करता येतो. याचा अर्थ कामगार लबाडी करत नसून धक्क्याच्या आठवणीने आजारी पडला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

परंतु ज्या पायावर त्यांची पद्धत उभी होती तो येथे नव्हता. हिस्टेरियाच्या रुग्णांच्या मेंदूत वा मेरुरज्जूत सूक्ष्मदर्शकाखाली काहीच सापडत नव्हते. १८६५ च्या त्या स्त्रीचा अनुभव पाठीशी असल्याने, विकृती आज दिसत नसली तरी उद्या दिसेल असे त्यांनी गृहीत धरले आणि तोवर तिला कार्यात्मक विकृती असे नाव दिले. शवविच्छेदनाचा पडताळा नसल्यामुळे केवळ बाह्य निरीक्षण उरले. आणि निरीक्षणाखाली असलेल्या स्त्रिया वर्षानुवर्षे एकाच दालनात, एकमेकींचे झटके पाहत राहत होत्या. त्यांच्याकडून काय अपेक्षित आहे हे त्यांना ठाऊक होते. विभागातील साहाय्यक पाठापूर्वी रुग्णांची तयारी करून घेत. शार्को स्वतः फारसे दालनात जात नसल्याने ही गोष्ट त्यांच्या नजरेस आली नसावी. प्रसिद्ध रुग्ण असणे म्हणजे इतरांपेक्षा बऱ्या वागणुकीची हमी असाही अर्थ होता. छायाचित्रांमुळे सर्वांच्या परिचयाची झालेली ओगुस्तीन १८८० मध्ये पुरुषाचा वेश करून रुग्णालयातून पळून गेली, ती परत आली नाही.

आंद्रे ब्रुये यांनी १८८७ मध्ये रंगवलेले साल्पेत्रिएरमधील पाठाचे भव्य चित्र प्रसिद्ध आहे. त्यात संमोहित ब्लांश व्हिटमन बाबिन्स्की यांच्या हातावर रेललेली असून शार्को श्रोत्यांना समजावून सांगत आहेत. श्रोत्यांच्या मागच्या भिंतीवर, रुग्णाच्या नजरेसमोर, शरीर धनुष्यासारखे वाकवलेल्या स्त्रीचे रिशे यांचे चित्र टांगलेले दिसते. चित्रकाराने टीका करण्याच्या हेतूने ते तेथे दाखवले असे मानण्यास आधार नाही, तरी नंतरच्या अभ्यासकांनी त्याकडे आवर्जून लक्ष वेधले आहे.

नान्सी येथील प्राध्यापक इपोलित बेर्नेम यांनी हेच म्हणणे शार्कोंच्या हयातीत मांडले. संमोहनाच्या तीन ठरावीक अवस्था साल्पेत्रिएरबाहेर कोठेच आढळत नाहीत. त्या रुग्णाला दिलेल्या सूचनेतून निर्माण होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. बेल्जियमचे जोसेफ देलबफ यांनी साल्पेत्रिएरला प्रत्यक्ष भेट देऊन तशीच शंका व्यक्त केली. वाद अनेक वर्षे चालला आणि शास्त्रीय मत हळूहळू नान्सीच्या बाजूला झुकले. १८९० मध्ये शार्कोंनी झाने यांच्यासाठी रुग्णालयात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. १८९२ मध्ये श्रद्धेने होणाऱ्या रोगनिवारणावर त्यांनी लेख लिहिला, त्यात मनाच्या प्रभावाला बरेच स्थान दिलेले आढळते. हिस्टेरियाची आपली मांडणी नव्याने करावी लागेल असे ते मृत्यूच्या सुमारास म्हणत होते, अशी आठवण त्यांचे सचिव जॉर्ज गिनाँ यांनी पुढे लिहून ठेवली.

त्यांच्या मृत्यूनंतर साल्पेत्रिएरमधील मोठे झटके झपाट्याने कमी झाले. ब्लांश व्हिटमन यांचे झटके थांबले. त्या त्याच रुग्णालयाच्या छायाचित्रण व नंतर क्ष-किरण विभागात कामाला लागल्या आणि किरणोत्सर्गाच्या दुष्परिणामांमुळे त्यांचे अवयव कापावे लागले. १८९६ मध्ये बाबिन्स्की यांनी तळपायावर ओरखडा काढला असता अंगठा वर उचलला जाण्याचे चिन्ह प्रसिद्ध केले. खऱ्या मज्जाविकृतीतील पक्षाघात आणि हिस्टेरियातील पक्षाघात यांच्यातील फरक त्यामुळे रुग्णाच्या बिछान्यापाशीच ओळखता येऊ लागला. गुरूचा मोठा हिस्टेरिया मोडीत काढण्याचे काम पुढे याच शिष्याने केले, तेही गुरूने शिकवलेल्या निरीक्षणाच्या जोरावर.

व्यक्तिमत्त्व आणि उपचार

शार्को यांनी १८६४ मध्ये ओगुस्तीन-व्हिक्तोआर या श्रीमंत विधवेशी विवाह केला. बुलव्हार सँ-जर्मँवरील त्यांच्या प्रशस्त घरी लेखक, चित्रकार आणि राजकारणी यांची वर्दळ असे. ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो हे त्यांचे स्नेही होते. प्राण्यांवर त्यांचे अतोनात प्रेम होते आणि शिकारीचा त्यांना तिटकारा होता. मात्र वैद्यकीय वर्तुळात ते अधिकार गाजवणारे म्हणून ओळखले जात, आणि पदे व नेमणुका यांवर त्यांचा मोठा प्रभाव होता. त्याची किंमत शेवटी शिष्यांना चुकवावी लागली: १८९२ च्या प्राध्यापकपदाच्या स्पर्धेत परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद त्यांचे पूर्वीचे शिष्य व नंतरचे विरोधक शार्ल बुशार यांच्याकडे होते आणि बाबिन्स्की अनुत्तीर्ण ठरले.

उपचारांबाबत ते फारसे आशावादी नव्हते, तरी रुग्णांच्या सांगण्याकडे त्यांचे लक्ष असे. घोडागाडीच्या किंवा आगगाडीच्या लांब प्रवासानंतर बरे वाटते, असे कंपवाताच्या काही रुग्णांनी सांगितल्यावर त्यांनी तसेच हादरे देणारी खुर्ची तयार करवून घेतली आणि १८९२ मध्ये तिच्यावर व्याख्यान दिले.

मृत्यू आणि स्मारके

हृदयविकाराने काही काळ ग्रासलेले शार्को ऑगस्ट १८९३ मध्ये शिष्यांसह मोर्व्हाँ प्रदेशात सहलीला गेले असता लाक दे सेताँ या सरोवराकाठच्या मुक्कामात १६ ऑगस्ट रोजी वारले. त्या वेळी त्यांचे वय ६७ होते. मोंमार्त्र येथील स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. साल्पेत्रिएरच्या प्रवेशद्वारापाशी १८९८ मध्ये उभारलेला त्यांचा कांस्य पुतळा दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात धातूसाठी वितळवण्यात आला. त्यांचा ग्रंथसंग्रह रुग्णालयात जतन करण्यात आला आहे.

पुत्र झां-बाप्तिस्त यांनी वडिलांच्या इच्छेनुसार वैद्यकाचे शिक्षण घेतले, परंतु नंतर ते ध्रुवीय संशोधनाकडे वळले. १९३६ मध्ये आइसलँडच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून त्यांचा मृत्यू झाला. अंटार्क्टिकाच्या मोहिमेत १९१० मध्ये त्यांना दुरून दिसलेल्या हिमाच्छादित भूमीला त्यांनी वडिलांचे नाव दिले. ती मुख्य खंडाचा भाग असावी असा समज होता. ते बेट असल्याचे १९२९ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स यांच्या विमानफेरीतून स्पष्ट झाले.